मुलाखतीचे हातवारे

"साहेबांसमोर हात खिशात ठेवा," बायकोने सकाळी तिसऱ्यांदा बजावलं. "तुम्ही बोलायला लागलात की माश्या हाकलताय असं वाटतं."

तिचं काही चुकत नव्हतं. क्रेनखाली उभं राहून ऑपरेटरला हाताने इशारे देण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती, आणि त्या घरघराटात तोंडाचा उपयोग फक्त डबा खाण्यापुरता. घरीसुद्धा टीव्हीचा आवाज कमी करायचा, तर हा गृहस्थ तळहात पालथा करून खाली खाली न्यायचा. मुलीला ते कळायचं. पाहुणे मात्र घाईघाईने खाली बसायचे.

आज गोष्ट वेगळी होती. कंपनी दर वर्षी खालच्या माणसांतून एकाला क्रेन चालवायच्या शिक्षणाला पाठवत असे. वयाची अट पंचेचाळीस, आणि त्याला पंचेचाळीस पुरी व्हायला दोनच महिने उरले होते. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. इतकी वर्षं मान वर करून त्या काचेच्या केबिनकडे बघितलं. तिथून खालचं जग कसं दिसतं, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. ती ओढ काही केल्या जात नव्हती.

यार्डातलं ऑफिस म्हणजे एक लोखंडी कंटेनर. तो त्याच दिवशी पलीकडच्या कोपऱ्यात हलवायचा होता. त्याने सकाळीच चारही कोपऱ्यांना साखळ्या लावून क्रेनचा हूक अडकवून ठेवला होता. तेवढ्यात मुलाखती घेणारे मोठे साहेब तासभर आधीच टपकले आणि चहाचा कप घेऊन आत जाऊन बसले.

"आता राहू दे," सुपरवायझर म्हणाला. "मुलाखती आटपल्या की हलवू."

हे वर ऑपरेटरला कोणीतरी सांगितलं असेल, असं दोघांनाही वाटलं.

त्याचा नंबर यायला अवकाश होता. इशारेवाल्याचं हिरवं जाकीट अंगात तसंच ठेवून, कंटेनरकडे पाठ करून तो उत्तरांची उजळणी करू लागला.

"साहेब, मला वर जायचंय." बोट आभाळाकडे गेलं आणि गोल फिरलं. "हळूहळू शिकेन." दुसरा तळहात त्या बोटावर आडवा आला. वर ऑपरेटरने मान डोलावली आणि माल उचलायला घेतला, अगदी हळूहळू. "आणि जिकडं पाठवाल तिकडं जाईन." हात लांब होऊन यार्डाच्या भिंतीकडे रोखला गेला.

"अरे, साहेबांना कुठं नेतोयस?" सुपरवायझरची किंकाळी आली.

त्याने वळून पाहिलं. कंटेनर तीन मजले वर भिंतीच्या दिशेने निघाला होता आणि खिडकीत साहेबांचा चेहरा होता. त्याची पाचावर धारण बसली. काही न सुचून त्याने माफीसाठी छातीसमोर हात जोडले. आता क्रेनच्या भाषेत याचा अर्थ, सगळं आहे तिथं रोखून धर. ऑपरेटरने ब्रेक लावले.

साहेब कप बाजूला ठेवून खिडकीतून दोन्ही हात हलवू लागले. ऑपरेटरने ढुंकूनही पाहिलं नाही. इशारा एकाच माणसाचा मानायचा असा नियम होता, आणि त्या नियमाखाली सही साहेबांचीच होती.

"माफी नंतर माग," सुपरवायझर दात चावत म्हणाला. "आधी उतरव त्यांना."

त्याने खोल श्वास घेतला. हात स्थिर झाले. कंटेनर मागे फिरला, आणि झोपलेलं बाळ गादीवर ठेवावं तसा जमिनीला टेकला.

साहेब बाहेर आले. कप पुन्हा हातात होता, आणि त्यातला चहा सांडला नव्हता.

"इशारे कोण देत होतं?"

"मीच, साहेब."

"टेकलो कधी ते कळलंसुद्धा नाही मला. असा माणूस वर बसवून कसं चालेल? तुम्ही खालीच हवेत. उद्यापासून नव्या माणसांना इशारे शिकवा. पगार वाढवतो."

सुपरवायझरने त्याची पाठ थोपटली. तो "हो, साहेब" म्हणाला, आणि मान वर करून काचेच्या केबिनकडे बघू लागला.

साहेब निघता निघता थांबले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"त्या गोदामांच्या मागं केवढी नदी आहे हो. वळत वळत पार लांबपर्यंत दिसते. तुम्हाला काय, रोजचंच असेल."

"ऐकून आहे, साहेब," तो म्हणाला.