कापलेली लेबलं

परदेशातल्या त्या लॉजच्या खोलीत मास्तर सकाळपासून कात्री चालवत होते. उद्यापासून दोन दिवसांची शर्यत होती. डोंगर, सायकल आणि होडी, सगळं जोडीने. सामान हलकं करायचं म्हणून मास्तरांनी आधी टूथब्रशांच्या दांड्या कापल्या, मग टॉवेल अर्धे केले. शिंप्याच्या हातातली कात्री अशी मध्येच थांबत नाही. त्यांचा जोडीदार, म्हणजे सख्खा साडू, अंघोळ करून बाहेर आला तेव्हा रेनकोट आणि लाइफ जॅकेटं, सगळ्यांची आतली लेबलं कापून झाली होती.

"चाळीस ग्रॅम वाचले," मास्तर म्हणाले. "आणि टोचायचीही बंद झाली."

साडूचं औषधांचं दुकान होतं, म्हणून घरात सगळे त्याला केमिस्टच म्हणत. इथली भाषा केमिस्टला येत होती, मास्तरांना नाही. नकाशा मास्तरांना कळायचा, केमिस्टला नाही. अशी ही आंधळ्या-पांगळ्याची जोडी दीड वर्ष पहाटे उठून धावली होती आणि दोघांच्या बायका, एकमेकींच्या बहिणी, फोनवर पोट धरून हसल्या होत्या. आता न धावता परत जायचं म्हणजे दोन्ही घरांत जन्मभर ऐकून घ्यायचं.

दुपारी सामान तपासणी होती. टेबलामागच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी लाइफ जॅकेट उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"लेबल कुठाय विचारतायत," केमिस्ट म्हणाला. "किती वजनाचा माणूस तरंगेल ते त्यावर असतं. तेही कंपनीनेच शिवलेलं हवं. नाहीतर शिक्का नाही आणि शर्यतही नाही. पाचला टेबल बंद."

"सांगा ना, माल अस्सल आहे म्हणून."

"अहो, लेबल नसलेली बाटली मी स्वतः कुणाला देत नाही. कुठल्या तोंडाने सांगू?"

शेवटी केमिस्टने सांगितलं की चुकून सरावाची जॅकेटं आणली, खरी खोलीवर आहेत. बाईंनी मान डोलावली. दोघे लॉजकडे पळत सुटले.

खोली झाडून झाली होती, टोपली रिकामी होती. सफाईवालीने त्यांना तळघरात नेऊन कचऱ्याची पोती दाखवली. एकूण सात. पाचव्या पोत्यात, केळ्याच्या सालींखाली, लेबलं सापडली तेव्हा चार वाजले होते.

मास्तरांच्या कॉलरखाली सुई कायम टोचलेली असायची. दोरा मात्र नव्हता. त्यांनी केमिस्टच्या पँटकडे पाहिलं.

"नाही हं, मास्तर."

"काळाच दोरा हवाय. फक्त खालची दुमड उसवतो. उद्या काय पँट घालून धावणार आहात?"

पावणेपाचला दोघे पुन्हा टेबलापाशी उभे होते. बाईंनी चष्मा चढवला, लेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, काहीतरी म्हणाल्या आणि दोन्ही जॅकेटांवर शिक्के मारले. केमिस्टचा जीव भांड्यात पडला.

"काय म्हणाल्या?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. चला लवकर."

"मशीन असं ऐकलं मी."

आता लपवून उपयोग नव्हता. "म्हणाल्या, मशीनची शिलाई किती सरळ असते."

मास्तर जागीच थांबले. "मशीनची? एका इंचात बारा टाके घातलेत मी, ते मशीनच्या नावावर? सांगा त्यांना, ही हातशिलाई आहे."

"साडूभाऊ, हाताने शिवलेलं चालत नाही. शिक्का काढून घेतील."

"घेऊ देत."

मास्तरांचा आवाज चढला होता. केमिस्टने घाम पुसला, बाईंकडे वळला आणि त्यांच्या भाषेत गोड आवाजात म्हणाला, "हे तुमचे आभार मानतायत."

एवढ्या रागाने कुणी आभार मानत नाही, हे बाईंना कळलं असावं. त्यांनी मास्तरांच्या सुईने टोचलेल्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूहळू बोलल्या.

"आता काय म्हणतायत?"

या वेळी केमिस्टने काही न लपवता जसंच्या तसं सांगितलं. "म्हणतायत, इतका सुबक टाका मशीनला जमत नाही हे मला कळतं. पण पाच वाजेपर्यंत मी मशीनच म्हणणार."

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा मिनिटं कमी होती.

"मग थांबू या की दहा मिनिटं," असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि टेबलासमोर बसून राहिले.