खांबेट्यांचा कोमट कॉम्प्युटर

मीने, ये गं, जरा जवळ सरक. कागदावरूनच का होईना, पण सरक. लांबून "हो मावशी, येते मावशी" म्हणायची तुझी सवय आता पुरे झाली. बेळ्ळंदूर ते मल्लेश्वरम म्हणजे काही काशीयात्रा नव्हे, एकाच शहरात तर राहतो. माझ्याकडे वर्षभर राहिलीस, नोकरी पक्की झाल्यावर गेलीस, त्याला सात वर्षं झाली. जाताना माझा झाकणाचा छोटा स्टीलचा डबा नेलास, तोही अजून परत नाही. डब्याचं नंतर बोलू. आधी आमच्या वरच्या मजल्यावरच्या खांबेट्यांचं ऐक.

तू त्यांना जिन्यात "गुड मॉर्निंग अंकल" म्हणण्यापलीकडे ओळखत नाहीस. हा माणूस कुणाच्याही घरी गेला की चपला काढतो आणि आधी स्विचबोर्डाचा वास घेतो. वाकून, अगदी नाक लावून. मग यजमानाकडे वळून निकाल देतो, "अजून सहा महिने." आमच्याकडच्या सत्यनारायणाला भटजी संकल्प सांगत होते आणि हे स्वयंपाकघरात मिक्सरचा प्लग हुंगत होते. मिक्सर बरोबर सहा महिन्यांनी गेला, म्हणून तर जास्त राग येतो.

आणि एक वाक्य त्यांचं ठरलेलं. "व्होल्टेज आहे, पण करंट नाही." सांगलीचा माणूस, जन्म इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियरकीत गेला. जगाकडे ते मीटर लावूनच बघतात. माझी कॉफी पातळ झाली, व्होल्टेज आहे, करंट नाही. भाजीवाला ओरडतो मोठ्याने पण पालेभाजी शिळी, तेच. मुलगा परदेशातून दर रविवारी फोन करतो, "बाबा, काळजी घ्या हं" म्हणतो. फोन ठेवल्यावर खांबेटे थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसतात आणि तेच म्हणतात. तेव्हा मात्र मला हसू येत नाही.

त्यांच्याकडे एक फार जुना घरगुती कॉम्प्युटर आहे. कीबोर्ड आणि बाकीचं सगळं एकाच खोक्यात, पडदा नाही, तो टीव्हीला जोडायचा. एकेकाळी पांढरा असावा, आता एरंडेलाच्या रंगाचा झालाय. रोज संध्याकाळी सातला तो चालू व्हायचा आणि टीव्हीवर एक छोटा चौकोन लुकलुकत राहायचा. बाकी काही नाही.

"खांबेटे, काय करता हो यावर?"

"चालू ठेवतो."

"अहो, पण काम काय करता?"

"अक्का, चालू ठेवणं हे काम नाही का?"

सरी, बरं बाबा, म्हटलं.

डिसेंबरात एका संध्याकाळी वरून फाट्‌कन आवाज आला, मागोमाग जळक्या रबराचा वास. मी गुडघा सावरत वर गेले. खांबेटे फरशीवर बसलेले, समोर धूर. "अक्का, सप्लाय गेला," म्हणाले. "कोण गेलं?" असं मी विचारायचीच बाकी होते, असा तो आवाज. सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज यंत्राला सोसेल एवढी कमी करून देणारा, आत बसवलेला विटेसारखा जड भाग. जगाचे प्लग हुंगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला वास आला नाही बघ.

जुना सप्लाय कुठेच मिळेना. एक दुकानदार म्हणाला, "सार, म्युझियमला देऊन टाका." तेव्हापासून खांबेटे जेवेनासे झाले. मी पाठवलेला जेवणाचा डबा दाराशी तसाच. शेवटी बाराव्या दिवशी ते नवा सप्लाय घेऊन आले, साबणाच्या वडीएवढा.

"एवढासाच?"

"हल्ली सगळं एवढंसंच असतं, अक्का. ताकद तीच."

जुन्या सप्लायचं पत्र्याचं खोकं आतून रिकामं करायचं आणि त्यातच नवा बसवायचा, म्हणजे यंत्राला एकही नवं भोक पडायला नको, असा बेत. टॉर्च धरायचं काम माझं. स्क्रू माझ्या कुंकवाच्या करंड्यात.

"अक्का, उजेड हलतोय."

"सत्तरीचा हात आहे, हलणारच."

"स्वल्प डावीकडे." एवढ्या वर्षांत खांबेटे कानडी शिकले ते एवढंच.

नवी वडी त्या जुन्या खोक्यात डब्यातल्या सुपारीसारखी खुळखुळायला लागली. मग प्लास्टिकचे चार पाय लावून तिला बसवलं, एकेक वायर जोडली. पाच व्होल्ट येतात का ते चार वेळा मोजलं, त्यातलं एकदा मला चष्मा लावून वाचायला लावलं. मग झाकण, मग बटण. टीव्हीवर चौकोन लुकलुकला! मी टाळ्या वाजवल्या. खांबेटे आत गेले आणि दुधाचं पातेलं घेऊन आले. ते त्यांनी सरळ त्या कॉम्प्युटरच्या पाठीवर ठेवलं.

"अहो, सांडेल!"

"तीस वर्षं नाही सांडलं."

मग सांगितलं त्यांनी. त्यांची उषा, माझी मैत्रीण, तिला जाऊन सहा वर्षं झाली. सांगलीहून इथे आले त्या पहिल्या थंडीत तिचं दही लागेना. विरजण तिच्या आईकडचं. तिने पातेलं नेऊन यंत्राच्या पाठीवर ठेवलं, आतल्या सप्लायमुळे तिथे कायम कोमट असायचं. हे ओरडले. ती म्हणाली, "तुमच्या यंत्राचा घराला एवढा तरी उपयोग होऊ दे." तेव्हापासून कालच्या दह्यातला चमचा आजच्या दुधात, रोज. ती गेली, तरी रोज. आणि स्वतः दही खातच नाहीत गं, सर्दी होते! ताक करून वॉचमनला द्यायचे. आम्ही म्हणायचो, काय उदार माणूस.

यंत्र बंद होतं ते बारा दिवस त्यांनी शेवटचं चमचाभर दही फ्रीजमध्ये जपलं होतं. मीटरने चार वेळा हो म्हटलं, म्हणून ते सगळंच्या सगळं या दुधात घातलं. घरातली कुठलीही बाई थोडं मागे ठेवते, मीने. हे मीटरवर विसंबले.

सकाळी त्यांनी मला हाक मारली. पातेल्यात दही नव्हतं. दूध नासून तार सुटली होती. खांबेट्यांनी वाकून वास घेतला. या वेळी सहा महिने वगैरे काही म्हणाले नाहीत.

"अक्का, व्होल्टेज आहे," म्हणाले. "करंटही आहे. सगळं बरोबर आहे."

आणि त्यांनी झाकणावर तळहात ठेवला. मीही ठेवला. रात्रभर चालू असलेलं यंत्र, आणि फरशीसारखं गार. नवा सप्लाय हुशार, वीज वाया घालवत नाही, म्हणून तापतही नाही. चार वेळा मोजणाऱ्या माणसाने एकदाही हात लावून बघितलं नव्हतं.

"माझ्याकडचं घ्या" म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. उषाने मलाही दिलं होतं. पण माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर पाकिटातलं दही आणलं, आणि उषाचं विरजण तिथेच संपलं. मला तेव्हा काही वाटलंही नाही.

आता सातला वर चौकोन लुकलुकत नाही. वॉचमन मला विचारतो, "अज्जी, सारना बरं नाही का?"

तर डब्याचं. तू निघालीस त्या सकाळी त्यात काय होतं, आठवतं? उषाने वरून स्वतः आणून घातलेलं दही. तुझी स्वयंपाकवाली रोज घरीच दही लावते, असं तू मागे म्हणाली होतीस. तिला विचार, मूळ विरजण कुठलं. मध्ये कधी विकतचं आणलं असेल तर खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून पाकिटातलं डब्यात घालून आणू नकोस, हा माणूस वासावरून ओळखेल. मी त्यांना अजून काही बोललेली नाही. एकदा आशा लावून पुन्हा ते पातेलं बघायची माझ्यात ताकद नाही.

असलं तर चमचाभर घेऊन ये, आणि थोडं तुझ्याकडे मागे ठेव. नसलं तर रिकामा डबा घेऊन ये. पण ये गं लवकर, आणि सातच्या आत ये. ती वेळ त्यांना एकट्याला जात नाही.