कुंभकोणमच्या बिशपांचे शिंपी

आमचे घरमालक पांडुरंगराव यांना तारीख सांगता येत नाही. कॅलेंडर आहे दुकानात, नाही असं नाही, पण त्याच्या पानांचा उपयोग कोऱ्या बाजूवर बाही आखण्यापुरता. तुमचं लग्न कधी झालं असं विचारलं, तर म्हणतात, "उंच आयर आले त्या वर्षी." कावेरीला मोठं पाणी कधी आलं होतं? "थोरल्या आयरांस गळपट्टी घट्ट होऊं लागली होती, तेव्हां." आयर म्हणजे तमिळमध्ये बिशप. आमच्या वरच्या नळाला पाणी कधीपासून येत नाही, याचंही उत्तर त्यांच्याकडे कुठल्यातरी बिशपांच्या कमरेवरूनच निघतं.

त्याला कारण आहे. आजोबांपासून या घराण्यात कुंभकोणमच्या कॅथलिक बिशपांच्या अंग्या शिवल्या जातात. अंगी म्हणजे तो पांढरा पायघोळ झगा, जांभळ्या किनारीचा, गळ्यापासून पायापर्यंत बटणंच बटणं. घरात म्हणाल तर विठ्ठल, एकादशी, कपाळावर बुक्का. आणि विठ्ठलाच्या तसबिरीशेजारी खिळ्यांना टांगलेले खाकी कागदाचे बिशप. प्रत्येकाची पाठ, पुढा, बाही कागदात कापून जुडी बांधलेली. कुठलाही आयर वारला तरी जुडी काढायची नाही, असा घरचा रिवाज.

मी सांगलीची. नवऱ्याची नोकरी आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात, म्हणून रावांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. पहिल्या दिवशी मी ब्लाऊज सैल करून घ्यायला खाली गेले, तर म्हातारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "यावें, बसावें." मला वाटलं, चुकून दरबारात आले. यांचे पूर्वज मराठी राजांबरोबर इकडे आले, आणि मराठी तेव्हाचीच राहिली. मी भारावून बसले. रावांनी ब्लाऊजकडे पाहिलंच नाही. माझ्या साडीला मी स्वतः लावलेला फॉल चष्म्यावरून न्याहाळला आणि डॉक्टरनं रोग सांगावा तसं सांगितलं, "टाका खोटा."

तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या मागे लागले आहेत. पडदा, उशीचा अभ्रा, नवऱ्याची पँट, काहीही दिसलं की टाका खोटा. नुसतं म्हणून थांबले तर बरं. दोरीवर वाळत घातलेला माझा पडदा त्यांनी एकदा न विचारता उसवून पुन्हा शिवून ठेवला होता. मी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "मज झोंप आली नसती."

एकदा एक तरुण फादर त्यांच्याकडे आले. त्यांना धर्मप्रांताच्या स्मरणिकेसाठी जुन्या आठवणी हव्या होत्या. रावांनी आनंदानं दुकान अर्धं बंद केलं, कॉफी मागवली आणि सुरुवातीपासून सुरू केलं. फ्रान्सहून आलेल्या आयरांच्या अंग्या इतक्या जाड, की आमच्या उन्हात माणूस आत शिजायचा. आजोबांनी एका आयरांच्या अंगीचं अस्तर परवानगी न घेता काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी आयरांनी नुसते आशीर्वादावर आशीर्वाद दिले. मग कोणाची मान आखूड, कोणाचा उजवा खांदा उतरता. फादरांनी हळूच विचारलं, की उतरत्या खांद्याच्या बिशपांनी कामं कोणती केली, शाळा, चर्च वगैरे?

"केलींच असतील," राव म्हणाले. "खांदा उगाच कां उतरतो?"

फादर हसत हसत गेले. त्यांनी स्मरणिकेत काय लिहिलं देव जाणे.

दर थोड्या दिवसांनी राव मला स्कूटर काढायला लावायचे. दारासुरमच्या वाटेवर वृद्ध फादरांचं एक घर आहे, तिथे एक निवृत्त आयर राहतात. राव त्यांना सामी म्हणतात. सामींची जुनी अंगी राव इस्त्रीला म्हणून घेऊन यायचे आणि नेऊन द्यायचे. इस्त्री तिथे होत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "होते. खोटी."

एकदा मी दुकानात डोकावले, तर इस्त्री थंड आणि राव अंगीच्या दोन्ही बाजू आत घेत बसलेले. मग कळलं. सामी आजारी आहेत आणि वाळत चालले आहेत. पण भेटेल त्याला अभिमानानं सांगतात, रावांची अंगी अजून मापात बसते, म्हणजे माझं बरं चाललंय. त्या एका भरवशावर ते दोन घास जास्त जेवतात. म्हणून राव दर खेपेला अंगी बोटभर आत घेतात. सामींना आपण वाळतोय हे कळू द्यायचं नाही, एवढाच त्यांचा ध्यास.

पण कापड कुठवर आत जाणार? शेवटी शिवण खिशावर चढली आणि सामींचा रुमाल खिशात जाईना. तेव्हा रावांनी नवी अंगी शिवायला घेतली. नवी, पण जुनी! धुऊन धुऊन माझ्या गच्चीवर वाळवली. गळपट्टी दगडानं घासली. डाव्या बाहीवर जुना कॉफीचा डाग होता, तर तेवढाच डाग कॉफीत बोट बुडवून पाडला. मी हसून बेजार. आणि मग सगळं अडलं एका बटणावर.

जुन्या अंगीचं पोटावरचं ते बटण सामींनी स्वतः लावलं होतं. रावांची बायको वारली, तेव्हा सामी भेटायला आले. राव मशीनपुढे बसलेले, समोर सामींचीच अर्धी अंगी, आणि सुईत दोरा काही केल्या जाईना. सामींनी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून सुई घेतली आणि एक बटण लावलं. वाकडं, गाठ बाहेरून. मग पाणी पिऊन गेले. माझा पडदा उसवणाऱ्या या माणसानं ते बटण आजवर उसवलं नव्हतं. सामींनाही बोलता बोलता त्या गाठीवरून अंगठा फिरवायची सवय. तेच बटण नव्या अंगीला लावायचं, तर तो दोरा कापावा लागणार. ते काही रावांच्यानं होईना.

राव दुसरं बटण तसंच वाकडं लावायला गेले, तर हात ऐकेना. उसवून उसवून लावलं, पण प्रत्येक वेळी टाका सरळ! संध्याकाळी राव अंगी घेऊन जिना चढून वर आले. आम्ही इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच.

"बाई, तुमचा टाका खोटा आहे."

"माहीत आहे, मामा."

"म्हणून आलों. हें बटण तुम्ही लावावें."

मी बसले. राव समोर बसून बघायला लागले, तशी मी जीव लावून शिवलं, आणि कप्पाळ माझं, नेमकं सरळ आलं. राव हिरमुसून म्हणाले, "बरा आहे." इतकी वर्षं हे दोन शब्द ऐकायला मी टपले होते, आणि मिळाले ते असे. उसवलं. मग नवऱ्याशी भांडत भांडत पुन्हा लावलं. ते अगदी हवं तसं वाकडं आलं, गाठ बाहेर.

दुसऱ्या दिवशी सामींनी अंगी घातली. बसली मापात. रुमाल खिशात गेला. मग अंगठा त्या गाठीवर गेला. अंगठा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. सामी हसले आणि तमिळमध्ये म्हणाले, "बघा राव, अजून तशीच बसते. हे बटण मात्र मी त्या दिवशी फार वाईट लावलं होतं. तुम्ही एवढे काटेकोर, कधी उसवलं कसं नाहीत?"

राव खाली बघत होते. मग म्हणाले, "तो टाका खोटा नव्हता, सामी."

येताना ते स्कूटरवर मागे बसून रडत होते. मी आरशात पाहिलं नाही, पण पाठीला कळतं. लागलीच तर म्हणून सोबत नेलेली जुनी अंगी पिशवीत होती. घरी आल्यावर त्यांनी ती विठ्ठलाशेजारी, कागदी बिशपांच्या रांगेत टांगली, बटण वर दिसेल अशी.

मग वळले आणि सवयीनं त्यांची नजर माझ्या साडीवर गेली. फॉल पुन्हा सुटला होता.

"बाई, टाका खोटा."

"उसवू का, मामा?"

त्यांनी एकदा त्या बटणाकडे पाहिलं.

"राहूं द्या," म्हणाले.