शलोमकाकांचं अंडी निवडायचं यंत्र

शलोमकाका शनिवारी कामाला हात लावत नसत, म्हणून शनिवारचा राग ते शुक्रवारी दुपारीच उरकून घेत. कोंबड्या, कावळे, अंड्यांच्या टोपल्यांसकट गाडी खड्ड्यात घालणारा एसटीचा ड्रायव्हर, सगळ्यांना एकच प्रश्न: "डोळे आहेत की बटाटे?" कोंबड्यासुद्धा मान वाकडी करून विचारात पडत.

पनवेलहून कोनकडे जाताना त्यांची पोल्ट्री होती. मी नुकती मॅट्रिक झालेली. दोन वेण्या आणि डोक्यात मावेना इतकं शहाणपण घेऊन तिथे कामाला लागले. अंधाऱ्या खोलीत रिबकाकाकू एकेक अंडं कंदिलासमोर धरून आत रक्ताचा ठिपका नाही ना, ते बघायच्या. मी लहानमोठी वेगळी करायची. ठिपक्याचं अंडं काकांच्या यहुदी समाजात चालत नाही. एरवी त्यांच्यातल्या बायका प्रत्येक अंडं आधी पेल्यात फोडून बघत. काकूंनी पारखलेलं मात्र थेट कढईत. हा मान काकूंना अंगावरच्या सोन्यापेक्षा मोठा.

एकदा एक बाई वाटीत ठिपक्याचं अंडं घेऊन परत आल्या. काकूंचा चेहरा उतरला. काका खवळले ते माझ्यावर. हिनंच टोपल्यांची अदलाबदल केली असणार, मॅट्रिक झाली म्हणे! मी खराब अंड्यांच्या टोपलीला शिवलेही नव्हते. इतकी संतापले, की डबा घरी विसरल्याचा दोषही मी मनातल्या मनात काकांनाच दिला.

दुसऱ्या दिवसापासून काका पत्रा ठोकत बसले. भिंतीला भोक पाडून खोलीतून ओट्यावर उतरणारी पन्हळ, तिच्यापुढे फाकत गेलेले दोन गज. बारीक अंडं आधीच खाली पेंढ्यात पडणार, मोठं टोकापर्यंत जाणार. पहिल्या दिवशी सगळीच फुटली. गवत घेऊन आलेला कोनचा गोमा म्हणाला, "काका, तुमचा यंत्र नुसती फोडतंय, निवडीत काय नाय." काकांनी त्याच्याही डोळ्यांची चौकशी केली.

मग यंत्र चाललं, आणि माझं डोकं फिरलं. आता मला हाकलणार, दुसरं काय?

"काढायचं असेल तर तोंडानं सांगा," मी कमरेवर हात ठेवून म्हणाले.

"काढतंय कोण, शहाणे? इथे बस." पन्हळीच्या टोकाशी भोक पाडलेला रॉकेलचा डबा होता, आत दिवा. "आलेलं प्रत्येक अंडं यावर धरून पुन्हा बघायचं."

"काकूंनी बघितल्यावर पुन्हा? त्यांच्यावरही भरवसा नाही तुमचा?" मी भांडायला आवाज चढवला.

शलोमकाकांना कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "हळू बोल. धड दिसत नाही तिला आता. मानायची नाही ती. तिला कळता कामा नये."

पन्हळीतून आलेलं अंडं त्यांनी स्वतःच दिव्यावर धरलं. आत लाल ठिपका.

"अहो, निघालं का एखादं खराब?" आतून काकूंनी विचारलं.

"तू बघितल्यावर कसं निघेल?" काका भिंतीकडे तोंड करून खेकसले, आणि अंडं अलगद कोटाच्या खिशात ठेवलं.