गप्प पडतं ते शिसं

शिसं ओळखण्यात वेंडेल श्राइबरचा हात धरणारा माणूस अख्ख्या पेनसिल्व्हेनियात नव्हता. असं कोण म्हणायचं? खुद्द वेंडेल श्राइबर! वय अठ्ठ्याहत्तर, नजर अधू, कानांनी अकरा वर्षांपूर्वीच राजीनामा दिलेला, पण ऐट राजाची. मुलीने आणून दिलेलं कानाचं यंत्र मोज्यांच्या खणात लोळत पडलं होतं. ते म्हाताऱ्यांसाठी असतं म्हणे!

चाळीस वर्षं तो आणि अर्ल कोसिक अर्लच्या गॅरेजमध्ये बंदुकीच्या गोळ्या ओतत आले होते. काम वाटलेलं होतं. हात वेंडेलचे, कान अर्लचे. भंगारातला तुकडा अर्ल फरशीवर आपटायचा आणि आवाज ऐकून सांगायचा, "घे." किंवा, "फेक." वेंडेल वितळवायचा, मळी काढायचा, साच्यात ओतायचा. नेमबाजीच्या मैदानावरही तीच जोडी. दोनशे यार्डांवर टांगलेला लोखंडी तवा वेंडेलला नीट दिसत नसे आणि वाजलेला ऐकू येत नसे. तो गोळी झाडायचा आणि डावीकडे वळायचा. तिथे उभा असलेला अर्ल त्याच्या कानाशी ओरडायचा, "लागली रे, वेंडेल!"

फेब्रुवारीत अर्ल गेला. बर्फ उपसताना फावड्यासकट खाली बसला, तो उठलाच नाही.

त्यांच्या नेमबाजीच्या क्लबाची एक रीत होती. सभासद गेला की मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याचीच बंदूक, त्याच्याच साच्यातली गोळी, आणि झाडणारा त्याचा जोडीदार. गोळी एकच. तवा वाजला की सगळे टोप्या काढत आणि म्हणत, "पोचला." अर्लच्या बायकोने, डोलोरेसने, बंदूक, साचा आणि अर्लने राखून ठेवलेल्या शिशाच्या दोन विटा वेंडेलच्या हाती दिल्या. "मला तो आवाज ऐकायचाय," एवढंच ती म्हणाली.

आता गोळी एकच झाडायची असली, तरी सरावाला शंभर दोनशे हव्यातच की! दोन विटा कुठे पुरणार? दुकानातलं शिसं महाग, आणि अर्ल म्हणायचा, विकतच्या शिशाची गोळी सरळ जात नाही. म्हणून वेंडेल टायरवाल्या रँडीकडे गेला. चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी वजनं रँडीकडे बादलीभर पडून असत.

"घेऊन जा, फुकट," रँडी ओरडला. "पण बघून घ्या हां! हल्ली निम्मी जस्ताची असतात. आपटून बघा. शिसं गप्प पडतं, जस्त वाजतं."

"तू मला शिकवतोस? तुझा बाप सायकलला हवा भरत होता तेव्हापासून मी शिसं ओततोय!"

"बरं बाबा, चुकलं माझं!"

घरी येऊन वेंडेलने एकेक वजन शेडच्या फरशीवर आपटलं. पहिलं गप्प. दुसरं गप्प. पन्नासावं गप्प! बादली रिकामी झाली, पण एकही वाजलं नाही. वेंडेल नाचायचा बाकी राहिला. "सगळं शिसं! अर्ल, लेका, बघतोस का? शंभर टक्के!" शेजारीण मात्र एवढा खणखणाट कसला म्हणून खिडकीतून डोकावून गेली.

मग त्याने ते सगळं मोठ्या भांड्यात घातलं आणि वर अर्लच्या दोन्ही विटा. लवकर वितळावं म्हणून आच चढवली, चांगली भडक. थोडं थांबला असता, आच मंद ठेवली असती, तर जस्त वर तरंगलं असतं आणि पळीने काढून टाकता आलं असतं. पण घाई! चांगलं शिसं वितळलं की आरशासारखं चकचकतं, तसं भांड्यात काही दिसेना. थंड पडलेल्या लापशीसारखा गाठीगाठींचा गोळा झाला. साच्यात ओतलं तर अर्धी गोळी, तीही सुरकुतलेली. मळी सुटावी म्हणून मेण टाकलं, ढवळलं, शिव्या दिल्या. जस्त एकदा शिशात विरघळलं की शिव्यांनी निघत नाही.

अर्लच्या विटा त्यातच गेल्या. त्या विटांवर अर्लने खिळ्याने कोरलेलं साल होतं, त्याच्या काजळलेल्या अंगठ्याचा ठसा होता. वेंडेल शेडमधल्या उलट्या बादलीवर बसला आणि हमसून हमसून रडला. अंत्यविधीलाही तो असा रडला नव्हता.

शुक्रवारी तो डोलोरेसच्या दारात उभा राहिला. ती पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या पोलिश करंज्या, लाटत होती. कोपरापर्यंत पीठ.

"काय झालं? चेहरा का असा?" तिने मोठ्याने विचारलं.

"मी अर्लचं शिसं नासवलं."

"सगळं?"

"सगळं. आवाज ऐकू आला नाही मला. कोण सांगणार? सांगणारा गेला."

डोलोरेसने लाटणं बाजूला ठेवलं. पिठाचे हात पुसले, कात्री घेतली आणि दिवाणखान्यात जाऊन पडद्यांची शिवण उसवायला लागली.

"अगं, हे काय करतेस!"

"हे पडदे वाऱ्याने फार उडायचे. वीस वर्षं कटकट केली, तेव्हा कुठे त्याने ही शिशाची वजनं ओतून दिली. मी कडेत शिवली." तिने एकेक बटणाएवढा तुकडा जमिनीवर टाकला. दर वेळी ती मान हलवायची. "गप्प. हेही गप्प. घे."

तेवढ्यातून सहा गोळ्या निघाल्या. सगळ्यांत गुळगुळीत ती त्याने रुमालात बांधली. रात्री मोज्यांचा खण उघडला.

शनिवारी चाळीसएक माणसं जमली. डोलोरेस मागे खुर्चीवर. वेंडेलने कानात यंत्र घातलं होतं, वर टोपी ओढलेली, कुणाला दिसू नये म्हणून. गवताची सळसळ, कुणाचं तरी खाकरणं, दूर एक पक्षी. एवढं काय काय वाजत असतं जगात! त्याने श्वास रोखला आणि अर्लची बंदूक झाडली.

मग तो थांबला. आवाज डोंगरावर जाऊन परत आला. पक्षी पुन्हा ओरडला. लोखंड वाजलं नाही.

चाळीस माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती. वेंडेल सवयीने डावीकडे वळला. तिथे कुणी नव्हतं. तेवढ्यात मागून डोलोरेसचा आवाज आला, मोठ्ठा, बहिऱ्याशी बोलतात तसा.

"लागली रे, वेंडेल!"

तेच शब्द, तोच हेल. असलं बोलणं ती कुणाकडून शिकली असेल, हे सांगायला नको. अकरा वर्षांतल्या सगळ्या 'लागली रे' वेंडेलच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेल्या, आणि त्यांतल्या किती खऱ्या होत्या ते विचारायला आता माणूस उरला नव्हता.

एकाने टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या. "पोचला," ते पुटपुटले.

वेंडेलनेही टोपी काढली. काढता काढता हळूच यंत्राचं बटण बंद केलं, नाक पुसलं आणि घसा खाकरून म्हणाला, "लागणारच! नेम कुणाचा आहे!"