धुराड्यापलीकडचा हात

"धुराड्यापलीकडे हात घालायचा नाही. खाली उतरायचं, शिडी त्या बाजूला न्यायची आणि परत चढायचं." कौलं शाकारणाऱ्या निम्म्या यॉर्कशायरला विल्फ गारसाइडनं चाळीस वर्षं हे घोकून घोकून शिकवलं होतं. आणि आता एकाहत्तराव्या वर्षी, स्वतःच्याच छपरावर, विटांना छाती चिकटवून तो धुराड्यापलीकडे हात घालत होता.

इलाजच नव्हता. घर जोडघर, धुराडं सामाईक आणि धुराड्याच्या बुडाशी पाणी अडवणारी, आता फाटलेली शिशाची पट्टी नेमकी शेजारच्या सेड्रिकच्या बाजूला. शिडी तिकडे लावायची तर सेड्रिकला विचारायला हवं, आणि सेड्रिकनं कुंपणाची झाडं अर्धा फूट जास्त छाटल्यापासून आठ वर्षं दोघांत शब्द नव्हता. दुसरा कारागीर बोलवावा तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. छपरावर चढणार नाही असं त्यानं डोरीनला वचन दिलं होतं; पण आज गुरुवार, डोरीन नेहमीप्रमाणे बहिणीकडे गेली होती.

"बोटभरच राहिलं," असं पुटपुटत तो आणखी वाकला. बोटं पट्टीला लागली.

पट्टी गरम होती. शिवाय तिला नखं होती.

"मेलो!" धुराड्यापलीकडून कोणीतरी किंचाळलं.

विल्फ असा दचकला की शिडीचा आकडा आढ्यावरून निसटला आणि शिडी कौलांवरून घसरत बागेत कोसळली. आता डाव्या हाताची मिठी धुराड्याला आणि उजवा हात कोणाच्या तरी मुठीत, एवढ्यावर त्याचा जीव टांगलेला होता.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"सेड्रिक."

त्यापेक्षा पडलेलं परवडलं, असं विल्फला क्षणभर वाटलं.

"इथे काय करतोयस?"

"माझ्या छपरावर आहे मी! पट्टी फाटलीय. रस्त्याच्या बाजूनं चढलोय. मागनं चढलो असतो तर तुला शिडी दिसली असती आणि तू हसला असतास."

"म्हणून पलीकडनं हात घातलास? गाढवा, तुला कोणी शिकवलं नाही?"

"तूच शिकवलं होतंस. बोलत होतास तेव्हा."



"हात सोडू नकोस रे," विल्फ हळूच म्हणाला. त्याला खरंच रडू येत होतं.

एवढ्यात शिडीचा आवाज ऐकून डोरीन धावत बाहेर आली. सेड्रिकच्या स्वयंपाकघरातून. हातात चहाचा कप, पायात घरातल्या सपाता. तिच्यामागे सेड्रिकची बायको ईनिड. वरून आता सगळंच लख्ख दिसत होतं: बागेतल्या खोपट्याच्या मागे कुंपणात दाराएवढं खिंडार आणि त्यातून दोन्ही स्वयंपाकघरांना जोडणारी, तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली पायवाट.

"विल्फ! वचन दिलं होतंस मला!"

"तू बहिणीकडे गेली होतीस!"

"दर गुरुवारी जाते तिथेच होते," डोरीन म्हणाली. "ईनिड, शिडी उचल. तुमच्या बाजूनं लावू."

"खिंडारातून मावेल का गं?"

"तुझं जेवणाचं टेबल मावलं होतं. नाताळचं पुडिंग तर दरवर्षी येतं."

डोरीनच्या बहिणीच्या हातचं म्हणून तेच पुडिंग विल्फ आठ वर्षं दर नाताळला दोनदा मागून खात होता.

रस्त्याच्या बाजूला असलेल्या सेड्रिकला यातलं काहीच दिसत नव्हतं. "काय झालं? खाली काय चाललंय?"

विल्फनं त्याची मूठ घट्ट आवळली.

"सांगतो. पण आधी तू नीट धर. ऐकशील तर पडशील."