फाइली जशाच्या तशा

शेगावच्या मार्तंड गुरुजींनी निवृत्तीनंतर वधू-वर सूचक मंडळ काढलं. आठ वर्षांत चारशे बारा बायोडाटा जमले आणि सहा लग्नं. बायोडाटा गुरुजी स्वतः टाइप करत, आणि टाइप करता करता सुधारतही. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सावळी मुलगी नव्हती, तंबाखू खाणारा मुलगा नव्हता आणि दोन एकरवाल्याला पाच एकर सहज मिळत.

महिनाभर कॉम्प्युटर नवी सिस्टीम टाका म्हणून मागे लागला होता. बुधवारी सकाळी गुरुजी आंघोळ करून त्याच्यापुढे बसले.

“अहो, आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा न सगळं,” प्रतिमाबाई म्हणाल्या.

“मले नको शिकवू. पस्तीस वर्षं शाळा शिकवली म्या.”

पडद्यावर प्रश्न आला: फाइली आणि सेटिंग ठेवायच्या, नुसत्या फाइली ठेवायच्या, की काहीच नाही? गुरुजींनी बाणेदारपणे सगळं ठेवायला सांगितलं.

दोन तासांनी कॉम्प्युटर उघडला. तेच फोल्डर, त्याच जागी. “पाह्य! काडी हालली नाही,” असं म्हणत गुरुजींनी एक बायोडाटा उघडला. मुलाचा फोटो झकास होता. खाली मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के आणि कंस यांची जत्रा भरली होती. गुरुजींचा जुना मराठी फॉन्ट नव्या सिस्टीममध्ये आलाच नव्हता. फाइली सगळ्या शाबूत होत्या. फक्त वाचता येत नव्हत्या.

नेमके तेव्हाच वडनेर भोलजीहून निवृत्तीभाऊ आले. सोबत त्यांची मुलगी अश्विनी. ती गावात बी-बियाण्याचं दुकान चालवायची, आणि दोन वर्षं तिच्यासाठी स्थळ पाहणं चालू होतं. फोटोतला मुलगा निवृत्तीभाऊंना पसंत पडला.

“नाव काय म्हनता पोराचं?”

गुरुजींनी डॉलरकडे पाहिलं. “नाव चांगलं हाये.”

“शिक्षन?”

“भरपूर.”

“अन् वावर?”

“हाये न. घराच्या चारी बाजूनं.”

अश्विनी उठून पडद्यापाशी आली. “गुरुजी, हे काय लिवलं हाये?”

“ते गोपनीय हाये.”

“नंबर तं इंग्रजीत हाये, दिसून राह्यला न,” ती म्हणाली. गुरुजी हात आडवा घालेपर्यंत तिने फोन लावून स्पीकरवर टाकलाही. सुलतानपूरच्या प्रज्वलने स्वतःच उचलला.

“तंबाखू खाता का?”

“खात होतो. दिवाळीपासून सोडली.”

“वावर किती?”

“दोन एकर. काऊन, कोनी पाच सांगतलं का?”

गुरुजी घाईघाईने कीबोर्ड पुसू लागले.

“मी सावळी हाये. अन् लग्नानंतर दुकान सोडनार नाही.”

“मंग नका सोडू. मी बी काही दुधानं न्हात नाही.”

अश्विनीने स्पीकर बंद केला आणि ती फोन घेऊन अंगणात गेली. वीस मिनिटांनी परतली तेव्हा एवढंच म्हणाली, “बाबा, रविवारी त्यायले घरी बोलवा.”

लग्न ठरलं. निवृत्तीभाऊंनी गावभर गुरुजींचं नाव केलं. महिन्याभरात नुसता फोटो आणि नंबर पाहून आणखी तीन लग्नं जमली.

“फॉन्टचं राहू द्या आता,” प्रतिमाबाई म्हणाल्या.

पण आपल्या हातचं सुवाच्य मराठी असं मातीमोल झालेलं गुरुजींना बघवेना. त्यांनी खामगावहून माणूस बोलावला. त्याने पाच मिनिटांत फॉन्ट बसवून दिला.

आता चारशे बाराच्या चारशे बारा बायोडाटा स्वच्छ वाचता येतात. लोक येतात, वाचतात, चहा पितात आणि “कळवतो” म्हणून निघून जातात.